या वाड्यात बिऱ्हाडं किती?

आमच्या डेटाबेसवाल्यांच्या धंद्यात काही प्रश्न असे आहेत की त्यांचं उत्तर नवशिक्यालाही येतं असं सगळे धरून चालतात. त्यातलाच एक : "या सर्व्हरवर कोणकोणती डेटाबेस इन्स्टन्सेस चालू आहेत?" मुलाखतीत हा प्रश्न विचारला की समोरचा उमेदवार एका दमात एका ओळीची कमांड सांगतो, विचारणारा मान हलवतो आणि गाडी पुढच्या प्रश्नाकडे जाते. माझं म्हणणं असं की हा प्रश्न एवढा सोपा नाही, आणि ते एका ओळीचं उत्तर जेमतेम अर्धं आहे. उरलेलं अर्धं उत्तर मशीनकडे नसतंच. ते माणसांनी लिहून ठेवायचं असतं, आणि नेमकं तेच कोणी लिहून ठेवत नाही. आज त्या उरलेल्या अर्ध्याबद्दल.

(घरच्या मंडळींनी "पुन्हा कॉम्प्युटर!" म्हणून इथेच पान बंद करू नये. या डेटाबेसांत जे पडून असतं ते शेवटी तुमचंच असतं : पगार, पेन्शन, दवाखान्याचे रिपोर्ट, विजेची बिलं. तेव्हा दहा मिनिटं द्याच.)

आधी शब्दांची फोड करू. डेटाबेस आणि इन्स्टन्स हे दोन शब्द आम्ही लोक बोलताना सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो, पण ते एक नव्हेत. डेटाबेस म्हणजे डिस्कवर असलेल्या फाइली. इन्स्टन्स म्हणजे त्या फाइली उघडून त्यांच्यावर काम करणाऱ्या, या क्षणी चालू असलेल्या प्रोसेसेस आणि त्यांनी अडवून ठेवलेली मेमरी. खोल्या आणि बिऱ्हाड यांच्यात जो फरक, तोच. खोल्यांना कुलूप असू शकतं, म्हणजे फाइली आहेत पण इन्स्टन्स चालू नाही. उलट बिऱ्हाड येऊन ट्रंका घेऊन दारात बसलेलं असू शकतं, म्हणजे इन्स्टन्स सुरू झालंय पण डेटाबेस अजून उघडलेला नाही. ओरॅकलमध्ये या अवस्थेला 'नोमाउंट' म्हणतात. आणि ओरॅकलच्याच 'रॅक' नावाच्या रचनेत वेगवेगळ्या मशीन्सवरची अनेक इन्स्टन्सेस एकाच डेटाबेसवर एकदम काम करतात. म्हणजे खोल्या त्याच, संसार चार.

आता सर्व्हर म्हणजे एक जुना वाडा असं धरा. वाड्यात आज बिऱ्हाडं किती आहेत, हे कसं ओळखणार? तीन मार्ग आहेत. मालकाच्या वहीत बघायचं. किंवा दिंडी दरवाज्यापाशी बसणाऱ्याला विचारायचं. नाहीतर सरळ चौकात उभं राहून कुठल्या कुठल्या चुलीचा धूर निघतोय ते मोजायचं. ओरॅकलमध्ये हे तिन्ही मार्ग जसेच्या तसे आहेत.

वही म्हणजे 'ओराटॅब' नावाची साधी मजकुराची फाइल. लिनक्सवर ती 'ईटीसी' या डिरेक्टरीत सापडते. एकेका ओळीत इन्स्टन्सचं नाव, त्याचं सॉफ्टवेअर कुठे ठेवलंय तो पत्ता, आणि शेवटी वाय किंवा एन एवढं एक अक्षर. मशीन चालू होताना हा डेटाबेस आपोआप सुरू करायचा की नाही, एवढंच ते अक्षर सांगतं. आत्ता चालू आहे की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. ओरॅकलच्या नेहमीच्या साधनाने डेटाबेस बनवला तर वहीत नोंद आपोआप पडते. कोणी हाताने कमांडी देऊन बनवला तर पडत नाही. कोणी नुसत्या फाइली उडवून डेटाबेस मोडला तर नोंद मागे तशीच राहते. म्हणजे वहीत मेलेल्यांची नावं असतात आणि जिवंतांपैकी काहींची नसतात. आपल्याकडच्या कुठल्याही वहीसारखंच की.

दारावर बसणारा म्हणजे 'लिसनर'. बाहेरून येणारं कनेक्शन आधी त्याच्याकडे येतं आणि तो ते योग्य इन्स्टन्सकडे पाठवतो. त्याला 'स्टेटस' विचारलं की तो नावं सांगतो. त्यातलं मला आवडतं ते असं : ज्या इन्स्टन्सने स्वतः येऊन त्याला वर्दी दिलीय, त्याच्यापुढे तो 'रेडी' म्हणतो. पण ज्याचं नाव कोणीतरी फाइलीत नुसतं लिहून ठेवलंय, त्याच्यापुढे तो 'अननोन' म्हणतो. म्हणजे, "नाव मला सांगून ठेवलंय साहेब, पण माणूस घरात आहे की नाही ते मला ठाऊक नाही." इतकं प्रामाणिक उत्तर ऑफिसात माणसांकडून क्वचित मिळतं. :-) मात्र हा दारवाला नुकताच ड्युटीवर आला असेल, तर सगळ्यांनी वर्दी द्यायला मिनिटभर जाऊ शकतं. तेवढ्यात विचारलंत तर तो भरलेला वाडा रिकामा सांगेल.

आणि धूर म्हणजे 'पीमॉन'. प्रत्येक चालू ओरॅकल इन्स्टन्सबरोबर पीमॉन नावाची एक प्रोसेस असतेच. कोणाचं सेशन मध्येच मेलं तर त्याच्यामागे राहिलेला पसारा आवरणं हे तिचं काम. ती मेली तर अख्खं इन्स्टन्स कोसळतं, त्यामुळे ती नाही आणि इन्स्टन्स आहे असं होत नाही. तिच्या नावाच्या शेवटी इन्स्टन्सचं नाव जोडलेलं असतं. म्हणून 'पीएस' कमांडने मशीनवरच्या सगळ्या प्रोसेसची यादी काढायची, आणि 'ग्रेप'ने तिच्यातून पीमॉन असलेल्या ओळी तेवढ्या वेगळ्या करायच्या. हेच ते मुलाखतीतलं एका ओळीचं उत्तर. त्यात एक गंमत आहे. पीमॉन शोधणारी ग्रेप ही स्वतःसुद्धा एक प्रोसेस असते आणि तिच्या ओळीत पीमॉन हा शब्द असतो, त्यामुळे ती स्वतःलाच सापडते. नदी ओलांडून आलेल्या दहा जणांची गोष्ट आपण ऐकलेली आहे. मोजणारा दर वेळी स्वतःला विसरतो आणि नऊच भरतात. इथे त्याच्या उलट, मोजणारा स्वतःला धरून एक जास्त मोजतो.

बाकीच्या डेटाबेसांची तऱ्हा थोड्याफार फरकाने हीच. आयबीएमच्या डीबी-टूमध्ये 'डीबीटू-आयलिस्ट' अशी कमांड आहे. ती बनवलेल्या इन्स्टन्सेसची नावं सांगते, चालू कुठली ते सांगत नाही. त्यासाठी परत प्रोसेसच बघाव्या लागतात. विंडोजवर ओरॅकलच्या प्रत्येक इन्स्टन्ससाठी एक 'सर्व्हिस' असते, पण सर्व्हिस 'चालू' दिसत असताना आतलं इन्स्टन्स बंद असू शकतं. दिवा लागलेला, घरात कोणी नाही. डेबियन किंवा उबुंटूवर पोस्टग्रेस असेल तर एका कमांडीत आवृत्ती, नाव, पोर्ट, चालू-बंद आणि मालक अशी छान तक्त्यातली यादी मिळते. या 'मालक' रकान्याकडे मी पुन्हा येणार आहे.

तर मग खरं कुणाचं? वहीचं, दारवाल्याचं की धुराचं? माझ्या पिढीतले बरेच जण म्हणतील, धुराचं. वह्या खोट्या, प्रोसेस खरी. ऐकायला हे फार व्यवहारी वाटतं. पण मला ते पटत नाही. नुसता धूर मोजलात तर जे आज बंद आहे पण चालू असायला हवं होतं, ते तुम्हाला कधीच दिसणार नाही. रात्री वीज गेली, मशीन परत सुरू झालं, सहापैकी पाच डेटाबेस उठले. धूर मोजणारा सकाळी म्हणेल, "पाच आहेत, पाचही उत्तम चालू आहेत." सहावं हरवलंय हे कळायला वहीच लागते.

याबाबतीत आपल्याकडचा सातबारा मला फार शहाणा वाटतो. शहरात वाढलेल्यांना सातबारा हा एकच कागद वाटतो, पण ते दोन नमुने आहेत. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख : जमीन कोणाची, क्षेत्र किती, बोजा काय. गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही : त्या जमिनीत यंदा प्रत्यक्ष काय उभं आहे. पहिला कागद हक्काचं सांगतो आणि दुसऱ्यासाठी बांधावर जाऊन बघावं लागतं, ती पीक पाहणी. २०२१ पासून तर शेतकरी स्वतः शेतात उभा राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढून ई-पीक पाहणी करतो. कोणाचं आहे आणि काय चालू आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दोन्ही एकाच कागदावर शेजारी शेजारी हवेत, हे त्यात गृहीतच धरलंय. नोंदी चुकतात, भांडणं होतात, ते सगळं खरं. पण दोन्ही बाजू शेजारी असतात म्हणूनच तफावत दिसते, आणि भांडता तरी येतं. आमच्या सर्व्हरांना सात नाही आणि बाराही नाही. एका ओळीच्या कमांडीवर आमचं भागतं.

असो. "एखाद-दुसरं इन्स्टन्स यादीत नसलं तर काय आभाळ कोसळतं?" असं कोणी विचारेल. एकदा कोसळलंय. ती हकिकत सांगतो, कारण ती या प्रश्नाच्या अगदी पोटातली आहे.

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर २००० मध्ये एकाच मशीनवर अनेक इन्स्टन्सेस नावानिशी बसवण्याची सोय आली. मुख्य इन्स्टन्स १४३३ या ठरलेल्या पोर्टवर, बाकीची जिथे जागा मिळेल तिथे. मग बाहेरून येणाऱ्याला कसं कळणार की कोण कुठल्या पोर्टवर आहे? त्यासाठी १४३४ क्रमांकाच्या यूडीपी पोर्टवर एक चौकशीची खिडकी ठेवली. तिथे एक छोटं पाकीट पाठवायचं. पहिला आकडा प्रश्नाचा प्रकार सांगतो. चार आकडा म्हणजे, "अमुक नावाचं इन्स्टन्स इथे आहे का? असेल तर माहिती दे." म्हणजे आपलाच प्रश्न. या खिडकीत एक भोक होतं. नावाच्या जागी फार लांब मजकूर पाठवला तर तो मेमरीत ठरलेल्या जागेबाहेर सांडायचा, आणि त्या मजकुरात लिहिलेला प्रोग्रॅम ते मशीन मुकाट्याने चालवायचं. मायक्रोसॉफ्टने यावरचा पॅच जुलै २००२ मध्ये दिलेला होता.

२५ जानेवारी २००३, शनिवार. आपल्याकडे सकाळचे अकरा वाजले होते. 'स्लॅमर' नावाचा किडा सुटला. तो होता अवघ्या ३७६ बाइट्सचा, म्हणजे या परिच्छेदाहूनही लहान. डिस्कवर तो काही लिहीत नव्हता. फक्त मेमरीत बसायचा आणि जगातल्या वाटेल त्या पत्त्यांवर तेच पाकीट पाठवत सुटायचा. सुरुवातीला दर साडेआठ सेकंदांना त्याची संख्या दुप्पट होत होती. दहा मिनिटांत जगातली ९० टक्के कच्ची मशीन्स त्याने गाठली. निदान ७५ हजार. पाकिटांच्या गर्दीने नेटवर्क तुंबली. दक्षिण कोरियात इंटरनेट जवळजवळ बंद पडलं. अमेरिकेत बँक ऑफ अमेरिकाच्या बहुतेक एटीएममधून पैसे निघेनात. ओहायो राज्यातल्या डेव्हिस-बेसी अणुवीज केंद्रात (ते तेव्हा सुदैवाने बंद होतं) सुरक्षेची आकडेवारी दाखवणारी यंत्रणा जवळजवळ पाच तास गप्प होती. खुद्द मायक्रोसॉफ्टची काही मशीन्सही सुटली नाहीत.

सहा महिने आधी पॅच आलेला असताना हे झालं, म्हणून सगळ्यांना आळशी ठरवणं सोपं आहे. काही आळशी होतेही. पण एक मोठा वर्ग असा होता की त्यांच्याकडे एसक्यूएल सर्व्हर आहे हेच त्यांना माहीत नव्हतं. कारण त्याची एक लहान, फुकट आवृत्ती होती, एमएसडीई. ती दुसऱ्या कितीतरी सॉफ्टवेअरांच्या पोटात बसून यायची. तुम्ही आणलं काहीतरी वेगळंच पॅकेज, आणि त्याच्याबरोबर घरात एक डेटाबेस इन्स्टन्स येऊन राहिलं. ना वहीत नाव, ना कोणाला पत्ता. यादीतल्या सगळ्या सर्व्हरांना पॅच लावून निर्धास्त झोपलेला माणूसही त्या शनिवारी उघडा पडला. कारण पॅच यादीला लागतो, आणि किडा यादी बघून येत नाही. पुढे मायक्रोसॉफ्टलाच नेटवर्कवर अशी इन्स्टन्सेस हुडकून काढणारी साधनं वाटावी लागली. "इथे कोण कोण राहतं?" हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारला नव्हता, तो स्लॅमरने येऊन विचारला.

आता त्या मालकाच्या रकान्याकडे येऊ. समजा तुम्ही फार शिस्तीचे आहात. वही ठेवलीत, धूरही मोजलात, दोन्ही याद्या शेजारी मांडल्यात. तरी एक प्रश्न उरतो : हे इन्स्टन्स आहे कोणाचं? कशासाठी चालू आहे? पोस्टग्रेसच्या त्या सुंदर तक्त्यात मालकाखाली बहुधा प्रत्येक ओळीत 'पोस्टग्रेस' असंच लिहिलेलं दिसतं. ओरॅकलच्या प्रोसेसच्या यादीत पहिल्या रकान्यात 'ओरॅकल'. मशीन खोटं बोलत नाही. त्याच्या दृष्टीने प्रोसेस ज्या युजरच्या नावाने चालते तो मालक. पण हे म्हणजे वाड्यात "ही खोली कोणाची?" विचारल्यावर "भाडेकरूची" असं उत्तर मिळण्यासारखं झालं.

एका ठिकाणी कामाला लागल्यावर माझ्या हातात आठ इन्स्टन्सेसची यादी पडली. पीमॉन नऊ होते. नवव्याचं नाव 'टेस्ट२'. आमच्याकडे टेस्ट म्हटलं की कोणी त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. त्याचा बॅकअप नाही, त्याला पॅच नाही, रात्री-अपरात्री त्याच्यासाठी कोणी उठत नाही. ज्याने ते बनवलं तो केव्हाच नोकरी सोडून गेला होता. त्यात रोज सकाळी सात, दुपारी तीन आणि रात्री अकराच्या सुमाराला कनेक्शन येत होती, सगळी एकाच मशीनवरून. ते मशीन कुठलं म्हणून माग काढत गेलो तर निघालं कारखान्याच्या गेटावरच्या टाइम ऑफिसात. कंत्राटी कामगारांची हजेरी आणि ओव्हरटाइम त्यात भरला जात होता. कधीतरी चाचणी म्हणून सुरू झालं, चाललं, आणि तसंच चालू राहिलं. कित्येक माणसांच्या पगाराचा एकमेव हिशेब 'टेस्ट२' नावाच्या, बॅकअप नसलेल्या इन्स्टन्सात होता. डिस्क गेली असती तर माझं काय गेलं असतं? एक वाईट दिवस. त्यांचा गेला असता ओव्हरटाइम, आणि तो सिद्ध करायला त्यांच्याकडे कागदाचा कपटाही नव्हता.

हे असं अनोळखी इन्स्टन्स सापडलं की आमच्यात एक लोकप्रिय उपाय आहे. त्याला 'स्क्रीम टेस्ट' म्हणतात. बंद करून टाकायचं आणि कोण ओरडतं ते बघायचं. कोणी ओरडलं तर तो मालक, कोणी नाही ओरडलं तर सुंठीवाचून खोकला गेला. हे सांगताना लोक हसतात. मला या प्रकाराचा राग आहे, आणि तो नुसता शिस्तीपोटी नाही. ओरडण्यासाठी माणूस त्या वेळी जागेवर असावा लागतो, त्याच्याकडे तुमचा फोन नंबर असावा लागतो, आणि आपलं काय बंद पडलंय हे त्याला कळावं लागतं. मॅनेजर दहा मिनिटांत ओरडेल. गेटावरचा क्लार्क "आज कॉम्प्युटर चालत नाही" म्हणून वहीत लिहून घेईल. आणि ज्याचा ओव्हरटाइम बुडणार तो तर महिनाअखेरीपर्यंत काहीच बोलणार नाही, आणि तेव्हाही कंत्राटदाराशीच भांडेल. काही डेटाबेस वर्षातून एकदाच, ३१ मार्चच्या आसपास लागतात. त्यांचे मालक जुलैत कशाला ओरडतील? स्क्रीम टेस्टमध्ये ज्यांचा आवाज आधीच मोठा आहे तेवढेच ऐकू येतात.

करायचंच असेल तर दुसरा रस्ता आहे, फक्त तो हळू आहे. कोण कुठून येतं, किती वाजता येतं, आत काय करतं ते बघायचं. लिसनरच्या लॉगमध्ये आणि डेटाबेसच्या सेशनांच्या नोंदीत ते दिसतं. एक महिना बघायचं, जमलं तर आर्थिक वर्ष उलटेपर्यंत. मशीनचा माग काढत माणसापर्यंत जायचं. तरीही कोणीच सापडलं नाही, तर पूर्ण बॅकअप घ्यायचा, तो परत उभा राहतो याची खात्री करायची, नोटीस लावायची आणि मगच बंद करायचं. आणि फाइली लगेच पुसायच्या नाहीत.

"अहो, आता यासाठी टूल्स आहेत," असं मला तरुण मित्र सांगतात. आहेत. पूर्ण नेटवर्क फिरून सगळी इन्स्टन्सेस शोधणारी साधनं आहेत आणि ती वापरावीत. पण ती धूरच मोजतात, फक्त भराभर. शिवाय जिथे जायची त्यांना परवानगी आहे आणि जे ओळखायला त्यांना शिकवलंय, तेवढंच त्यांना दिसतं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये तर इन्स्टन्सला 'लपून राहा' असं सांगायची रीतसर सोय आहे.

आणि हल्ली वाड्याची व्याख्याच बदलली आहे. पूर्वी नवं बिऱ्हाड आणायचं तर मशीन लागायचं, अर्ज लागायचा, कोणाची तरी सही लागायची. आता कंटेनरमध्ये एका ओळीत डेटाबेस उभा राहतो, क्लाउडवर एका क्रेडिट कार्डावर. डेव्हलपर दुपारी जेवणाआधी एक उठवतो आणि जेवून आल्यावर विसरतो. २०१७ च्या जानेवारीत मोंगोडीबीचं जे झालं ते आठवा. इंटरनेटवर कुलूप न लावता उघडी पडलेली हजारो इन्स्टन्सेस कोणीतरी शोधून काढली, आतला डेटा उडवला आणि जागी खंडणीची चिठ्ठी ठेवली. पुढे त्याच वर्षी आलेल्या ३.६ आवृत्तीपासून मोंगोडीबी मुळात फक्त स्वतःच्या मशीनवरूनच कनेक्शन घेऊ लागलं. चांगलं झालं. पण त्या हजारोंपैकी कितींच्या मालकांना चिठ्ठी मिळेपर्यंत आपलं असं एक इन्स्टन्स आहे हे आठवतही नसेल, असा विचार माझ्या मनात येतोच.

आपल्या देशात २०२३ साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. आपली माहिती दुरुस्त करून किंवा पुसून घेण्याचा हक्क त्यात माणसाला दिला आहे. हक्क चांगला आहे. पण उद्या एखाद्या मावशीने आपली माहिती पुसून टाका असं कळवलं, तर कंपनी पुसणार कुठून? वहीत असलेल्या आठांतून. नववं तसंच राहणार, आणि "पुसलं" असं पत्र मावशीला येणार. पत्र पाठवणाऱ्याला ते खरंच वाटत असेल, यात मला जास्त भीती वाटते.

तर माझं मत थोडक्यात असं. पहिलं, कुठलंही इन्स्टन्स जन्माला येताना त्याची तीन ओळींची नोंद झालीच पाहिजे : कोणासाठी, कशासाठी आणि कधीपर्यंत. 'टेस्ट' हे नाव असू शकतं, कारण असू शकत नाही. दुसरं, मालकाच्या जागी खात्याचं नाव पुरत नाही; तिथे जिवंत माणसाचं नाव हवं, आणि तो माणूस बदलीवर किंवा नोकरी सोडून जाताना इन्स्टन्स दुसऱ्याच्या नावावर केल्याशिवाय त्याला मोकळं करू नये. लॅपटॉप आणि ओळखपत्र परत घेतल्याशिवाय आपण कोणाला सोडत नाही. मग हे का सोडतो? तिसरं, दर तीन महिन्यांनी पीक पाहणी. वहीची यादी आणि धुराची यादी शेजारी ठेवून फक्त तफावत वाचायची. जुळलेल्या ओळींवर वेळ घालवायचा नाही, न जुळलेल्या प्रत्येक ओळीमागचा माणूस शोधायचा.

यात तंत्रज्ञान काहीच नाही, म्हणूनच बहुधा हे कोणी करत नाही. नवं टूल आणलं तर ते दाखवता येतं, त्याचं प्रेझेंटेशन होतं. वहीत एक नाव लिहिलं आणि वर्षाने ते बदललं, याचं कौतुक कोण करणार? पण मला विचाराल तर उमेदवाराने ती एका ओळीची कमांड सांगितल्यावर मान हलवून पुढे जाऊ नये. त्याला पुढचा प्रश्न हाच विचारावा : "बरं, नऊ आली. यादीत आठ आहेत. आता काय करशील?" त्याच्या पहिल्या वाक्यात 'बंद करीन' आहे की 'विचारीन' आहे, ते बघावं.

तुमच्याकडे काय पद्धत आहे? या धंद्यातल्या मित्रांनी जरूर लिहावं. आणि धंद्याबाहेरच्यांनी आपलं नाव अजून कुठकुठल्या विसरलेल्या वह्यांत पडून असेल, याचा एकदा निवांत बसून विचार करावा.